हुसेनचाचांची हाळी

हुसेनचाचांच्या दुकानात बोलणी खाल्ल्याशिवाय कुणाची मोटार दुरुस्त झाली नाही. जळालेली मोटार फटफटीवर आडवी बांधून शेतकरी यायचा, ओट्यावर उतरवायचा आणि मान खाली घालून उभा राहायचा. चाचा आधी मोटारीचा वास घ्यायचे, मग मालकाकडे बघायचे.

"कशी जळली बे?"

"आपोआपच जळली, चाचा."

"आपोआप? मंग स्टार्टरात काडी कुणी घातलती? तुझ्या सासऱ्यानं?"

लाइट कमीजास्त झाली की स्टार्टर मोटार बंद करतो. त्याचं ते कामच आहे. पण आमच्या लोकांना ते खपत नाही. ते स्टार्टरात एक काडी अडकवून ठेवतात, म्हणजे तो बंद पडूच शकत नाही, आणि मग मोटार जळते. जळाली की कंपनीला शिव्या. "या काडीवर माझी तीन लेकरं शिकली," असं चाचा म्हणायचे. धंद्याला दुवा देणारा हा एकच मिस्त्री मी पाहिला, जो गिऱ्हाइकाला त्याच दमात मूर्खही म्हणायचा.

गोदावरीच्या काठावर, उमापूरकडून थोडं आत गेलं की हे गाव लागतं. नाव सांगत नाही. सांगितलं तर गावातले दोन्ही गट माझ्यावर केस करतील, आणि त्या निमित्तानं का होईना पहिल्यांदा एकत्र येतील. तेवढं पुण्य माझ्या पदरी नको. मी तिथं ग्रामसेवक होतो, पाच वर्षं. पंचायतीच्या खिडकीतून समोर चाचांचं दुकान दिसायचं. माझं अर्धं काम त्या खिडकीतून गाव बघणं आणि मनातल्या मनात हसणं हेच होतं, असं म्हटलं तरी चालेल.

चाचा सत्तरीला टेकलेले, काटक. चष्म्याची एक काडी तुटलेली, ती त्यांनी मोटारीच्या तांब्याच्या तारेनं बांधलेली. मोटार चालू करून पेचकसाचं टोक तिच्या अंगाला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची तपासणी. बेअरिंग गेलं की वायंडिंग, हे त्यांना तसं कळायचं. बायको वारलेली, लेकरं बीडला. "या की आमच्याकडं" म्हणून पोरगा दर ईदला सांगायचा. "तिथं नदी हाय का?" एवढंच हे विचारायचे. जुम्म्याला दुपारी दुकान बंद, बाकी कुणाच्या मौतीलाही बंद नाही. मयत झालेल्या माणसाची मोटार आत पडलेली असली तर तिची जळालेली तार आधी भरून द्यायचे. त्याच्या मागच्यांना पाणी लागतंच की, असं त्यांचं म्हणणं.

नदी त्यांना मोटारींवरून ठाऊक होती. काठावरच्या शेतकऱ्यांच्या मोटारी खाली पाण्याजवळ मांडलेल्या असतात. पाणी चढलं की त्या वर ओढाव्या लागतात, नाहीतर गाळात जातात. चाचांनी जवानीत एकेका शेताखाली दगडावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढून दिली होती. पाणी रेघेला टेकलेलं ज्याला पहिल्यांदा दिसेल, त्यानं खालच्या शेजाऱ्याला हाळी द्यायची, "वढा ओऽऽ!" शेजाऱ्यानं पुढच्याला. आणि कायदा असा, की आधी हाळी, मग आपली मोटार. स्वतःची मोटार ओढून मग हाळी देणाऱ्याला चाचा वर्षभर दुकानाची पायरी चढू द्यायचे नाहीत. अशी हाळी शेतामागून शेत करत शेवटच्या आखाड्यापर्यंत, म्हणजे शेतातल्या वस्तीपर्यंत जायची. तिथं नदी वळते आणि जमीन खोलगट आहे. त्या आखाड्यावर सोनाबाई नावाची म्हातारी राहायची. मुलगा आणि सून दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले की मागं ती, दोन नाती आणि एक म्हैस.

मग गावात राजकारण आलं. तसं ते आधीही होतं, पण आधी ते निवडणुकीपुरतं यायचं आणि पाहुण्यासारखं जायचं. आता मुक्कामाला राहिलं. आप्पांचा एक गट आणि नानांचा एक. वर जिल्ह्यात मोर्चे निघाले, उलट मोर्चे निघाले, कुणाला काय मिळावं आणि कुणाचं काय काढून घेऊ नये यावर भाषणं झाली, आणि आमच्या गावानं त्यातून एवढंच घेतलं की त्यांच्या हॉटेलात चहा प्यायचा नाही. दोन हॉटेलं झाली. दोन न्हाव्यांची दुकानं. जे गाव एका गणपतीची आरती पाठ करू शकलं नव्हतं, त्यानं दोन बसवले. माणूस मेला तर आधी कोणत्या गटाचा ते विचारायचं, मग वाईट वाटून घ्यायचं की नाही ते ठरायचं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी लहानपणी नुसतं ऐकलं होतं. त्याचा कारभार कसा चालतो ते इथं पाहिलं.

फक्त वाळूच्या धंद्यात दोन्ही गटांची सोयरीक होती. तिथं आप्पांचा टिप्पर आणि नानांचा टिप्पर एकामागे एक उभे राहायचे, ड्रायव्हर एकाच काडीवर विड्या पेटवायचे. काठ खरवडून खरवडून खोलगट जमीन आणखी खोल गेली. त्यावर ग्रामसभेत कधी कुणी तोंड उघडलं नाही. मीही इतिवृत्तात तसा विषय कधी घेतला नाही.

चाचांच्या दुकानावर मात्र दोन्ही गटांना यावं लागायचं, कारण पंचक्रोशीत दुसरा मिस्त्री नव्हता. एकदा नानांच्या गटाचा नामदेव आला. नदीकाठी त्याचं शेत वरून दुसऱ्या नंबरचं. मोटार ठेवताना म्हणाला, "चाचा, तेवढी त्यांच्या मोटारीपासून लांब ठिवा."

चाचांनी चष्मा कपाळावर घेतला. "कावून? इटाळ व्हतो का?"

"तसं न्हाई, पोरं फोटो काढत्यात. मंग गटात बोलत्यात."

चाचांनी नामदेवची मोटार उचलली आणि आप्पांच्या मोटारीच्या अगदी अंगाला लावून ठेवली. वर म्हणाले, "काढ फोटू. जळल्यावर दोन्हीबी काळ्याच हायती. आता सांग, यातली तुझी कोणती?" नामदेवला खरंच सांगता आलं नाही. मी खिडकीत पोट धरून हसलो.

पाऊस तोवर पुरता बिघडला होता. आषाढ कोरडा, श्रावणात नुसता वारा, आणि पीक हाताशी आलं की आभाळ फाटायचं. चाचा म्हणायचे, "आदी नदी सांगून यायची. पोळ्याला एवढी, नवरात्रात तेवढी. आता धाड पडल्यावानी येती." वर्षाला ठरलेल्या वेळी हलवायच्या मोटारी आता केव्हाही हलवाव्या लागत. एकदा कृषी खात्याचा एक तरुण साहेब हवामान बदलावर बोलायला आला. उजवीकडे आप्पांची माणसं बसली, डावीकडे नानांची, मधे रिकामी सतरंजी. साहेब बिचारा पडद्यावर चित्रं दाखवून सांगत होता की पावसाचे दिवस कमी झालेत आणि पडतो तेव्हा एकदम पडतो, नदीकाठच्यांनी जपलं पाहिजे. त्याचं संपायच्या आत आप्पांचा एक जण उठला. म्हणाला, हे सगळं त्यांचं सरकार आल्यापासनं झालं. डावीकडून उत्तर आलं, मागच्या दुष्काळाला कुणाचं सरकार होतं? पुढचा तासभर आभाळातलं पाणी कोणत्या पक्षाचं यावर चर्चा झाली. साहेबाचा चहा थंड झाला. शेवटी दोन्ही गटांनी त्याच्यासोबत वेगवेगळे फोटो काढले आणि एकाच खड्ड्यात वेगवेगळी झाडं लावली. दोन्ही वाळली.

चाचा मागच्या भिंतीला टेकून होते. बाहेर पडताना मला म्हणाले, "भाऊसाहेब, पोरगं शाणं व्हतं. पर बहिऱ्याच्या वरातीत बँड लावून काय फायदा?"

हाळी बंद पडली ती त्याच वर्षी. भांडण असं काही झालं नाही. आप्पांच्या माणसाच्या शेताखाली नानांच्या माणसाचं शेत, त्याखाली पुन्हा आप्पांच्या माणसाचं, अशी काठाची मांडणी. शत्रूची मोटार वाचवायला आपण घसा का कोरडा करायचा, असं कुणाला तरी वाटलं, आणि असली गोष्ट एकाला वाटली की सगळ्यांना पटते. मग प्रत्येक गटानं मोबाइलवर आपापला ग्रुप काढला. नदीकाठी रेंज नाही, हे ग्रुप काढणाऱ्या दोघांनाही माहीत होतं. त्या ग्रुपवर नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र वेळेवर यायच्या.

दोन्ही गटांचा मिळून विश्वास उरला होता तो एका गोष्टीवर. पंचायतीच्या छतावरचा भोंगा. तो सरकारी. नळाला पाणी, लसीकरण, रेशन, सगळं त्यावरून कळायचं आणि कुणी शंका घ्यायचं नाही. त्याची किल्ली माझ्या खिशात असायची.

त्या साली दिवाळी होऊन गेल्यावर पाऊस आला. ऊसतोडीच्या गाड्या गेलेल्या, निवडणुकीची आचारसंहिता लागलेली. वरची धरणं आधीच भरलेली, त्यामुळे पडेल ते पाणी खाली सुटत होतं. नदी चढली त्या दुपारी चौकात नानांची सभा होती. माझ्या फोनवर सकाळीच तालुक्याचा मेसेज आला होता, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. तसले मेसेज आठवड्याला दोन यायचे. मी अंगठा दाखवून मोकळा झालो होतो.

तीनच्या सुमाराला चाचा लुनावरून आले. पायजमा मांडीपर्यंत ओला. आधी ते वरच्या पहिल्या शेतात गेले होते. तिथल्या बापूरावला, म्हणजे आप्पांच्या माणसाला, त्यांनी समोर उभं राहून हाळी द्यायला लावली होती. बापूरावनं दिली. खालच्या शेतात नामदेव होता. त्यानं ऐकलं आणि तो हसला. आज आपल्या नानांची सभा, म्हणून यांनी पाण्याची हूल उठवली. माणसं मोटारी ओढायला पळाली की मंडप रिकामा. एवढा विचार करायला अक्कल लागते, आणि ती नामदेवला नेमकी त्या दिवशी आली. त्यानं पुढं हाळी दिली नाही. उलट पुढच्या दोघांना निरोप धाडला, की फसू नका, सभेला या.

चाचा मंडपात गेले आणि माइक मागितला. नानांचा एक कार्यकर्ता आडवा आला. "चाचा, कुणी पाठवलं तुमाला?"

"तुझ्या बापानं. सर बाजूला. रेघ बुडाली."

लोक हसले. कुणीतरी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मान दिला, माइक दिला नाही. नाना वरून म्हणाले, "विरोधकांच्या पायाखालची वाळू सरकली, आता ते पाण्याचा आधार घ्यायला लागले." टाळ्या पडल्या. पायाखालची वाळू कुणी नेली हे टाळ्या वाजवणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

मग ते माझ्याकडे आले. "भाऊसाहेब, भोंगा लावा."

"चाचा, आचारसंहिता आहे. सभा चालू असताना मी भोंगा लावला तर नाना माझी नोकरी घालवतील. तहसीलवरून लेखी काही आलं तर..."

"लेखी? नदी लिहून देत असती का?"

"सभा संपली की लगेच लावतो. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

चाचा वळले. मग बाहेर जाऊन आप्पांच्या पुतण्याला शिव्या घालून ट्रॅक्टरवर बसवलं आणि त्याच्यामागे उभं राहून सोनाबाईच्या आखाड्याकडे गेले. बाकीच्यांच्या मोटारी जाणार होत्या. तिथं माणसं जाणार होती, एवढं त्यांना कळत होतं.

सभा अर्ध्या तासात संपली नाही. नाना रंगात आले होते. मी भोंगा लावला तेव्हा पाणी शाळेच्या भिंतीला लागलं होतं, आणि ते सगळ्यांना भोंग्याशिवाय दिसत होतं. ट्रॅक्टर परत आला. त्यावर दोन नाती होत्या आणि चाचा. सोनाबाई नव्हती. मागचा रस्ता पाण्यात गेला होता. चाचा पुन्हा जायला निघाले तेव्हा चार जणांनी त्यांना धरून ठेवलं. त्यांच्या तोंडून त्या वेळी ज्या शिव्या निघाल्या, त्यात दोन्ही गट होते, मी होतो आणि त्यांचं स्वतःचं म्हातारपणही होतं. तिसऱ्या दिवशी गाळात म्हैस सापडली, दाव्यासकट, आणि दाव्याच्या दुसऱ्या टोकाला सोनाबाई.

त्यानंतर गावानं जे केलं त्याला तोड नाही. पुतण्या ट्रॅक्टरवरून उतरलाच नव्हता. आखाड्याच्या दारात काय बोलणं झालं ते त्याला ऐकू आलं नव्हतं. त्यानं एवढंच सांगितलं, म्हातारी आली नाही. आणि तिचं घर नानांच्या गटातलं. झालं. आप्पांचे लोक म्हणाले, बघा, मरायला तयार, पण आमच्या ट्रॅक्टरात बसायला तयार नाही, इतका कडवटपणा. नानांच्या लोकांनी ते ऐकलं आणि त्यांची छाती फुगली. त्यांनी चौकात सोनाबाईचा मोठा फ्लेक्स लावला, खाली 'निष्ठावंत' असा शब्द, बाजूला नानांचा हात जोडलेला फोटो. एका बाईच्या मरणावर दोन्ही गट एकाच गोष्टीनं खूश झाले, असं मी पहिल्यांदा पाहिलं. आणि मलाही ती गोष्ट आवडली. का आवडली ते मला तेव्हाच कळत होतं.

तहसीलला अहवाल द्यायचा होता. मी लिहिला. 'ग्रामपंचायतीमार्फत ध्वनिक्षेपकावरून वेळीच सूचना देण्यात आली. तथापि संबंधित महिलेने स्थलांतरास नकार दिला.' अक्षर चांगलं आलं होतं.

आठवड्यानं चाचा पंचायतीत आले. तोवर दोन्ही गटांचे त्यांच्या सत्काराचे निरोप येऊन गेले होते, दोन वेगळे हार, दोन वेगळे मंडप. ते कुठेच गेले नाहीत. माझ्यासमोर बसून म्हणाले, "त्यो कागद दाखवा." मी प्रत दिली. त्यांना मराठी सावकाश वाचता येतं. बोट ओळीवरून सरकत गेलं, आणि थांबलं.

"म्हतारीनं नकार दिला?"

"गाव म्हणतंय तसं, चाचा. ट्रॅक्टर आप्पांचा होता म्हणून..."

"ट्रॅक्टर आप्पाचा व्हता म्हनून बसली न्हाई, तर नाती कशा बसवल्या तिनं? हातानं उचलून दिल्या माझ्याकडं. धाकटीच्या पायात चप्पल घातली."

मी पेनाचं टोपण लावलं.

"ती काय म्हनली, मी सांगतो. तिथं मीच व्हतो. म्हनली, 'हुसेनभाई, पोरींना न्या. मी म्हस सोडून मागून येते. आजून येळ हाय. पानी खरंच येनार असतं तं भाऊसाहेबांनी भोंगा लावला असता.'"

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती. किक मारल्याचा आवाज येत राहिला.

"हे दुरुस्त व्हतं का?" त्यांनी कागदावर बोट ठेवूनच विचारलं.

"वर गेलाय, चाचा."

"असं का." त्यांनी कागदाची घडी केली आणि टेबलावर माझ्यापुढं ठेवली. "मी पाच वर्सं इचार करत व्हतो, हा मानूस कोनत्या गटाचा. दोन्हीतबी दिसत न्हाई, म्हनून चांगला वाटायचा."

ते उठून गेले. महिनाभरात मी बदली मागून घेतली, पण त्याआधीच, त्याच दुपारी, मी त्यांना शेवटचं पाहिलं. खरं तर त्यानंतरही दिसले असतील, पण मी त्या बाजूला बघणं बंद केलं होतं. सोनाबाईचा मुलगा कारखान्यावरून दिवसकार्याला आलेला होता. तो त्यांच्या ओट्यावर उकिडवा बसला होता, डोकं भादरलेलं. चाचांच्या हातात कुणाची तरी गाळानं भरलेली मोटार होती. ती त्यांनी खाली ठेवली, हात पुसले आणि त्याच्याशेजारी बसून बोलू लागले. शिव्या नव्हत्या, आवाजही चढलेला नव्हता. बराच वेळ ते बोलत होते आणि तो ऐकत होता. मग त्यानं मान वळवून पंचायतीकडे पाहिलं.

मी खिडकी लावून घेतली.